क्रीटला आम्ही आठ जण गेलो होतो

ट्रिपचे किस्से लोणच्यासारखे असतात. ट्रिपवर असताना त्यांना काही चव नसते, तेव्हा नुसती धावपळ आणि नवराबायकोची भांडणं. घरी येऊन महिना-दोन महिने झाले की मुरतात. मग काय, कोणाच्याही घरी पानं मांडली की बरणी उघडलीच! इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या तीन घरांचं दर शुक्रवारी पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, आणि गेल्या ऑगस्टपासून तिथे ग्रीसच्या ट्रिपशिवाय दुसरा विषय नाही.

मी मेधा. नागपूरची, आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, त्यामुळे किस्से सांगायचं काम माझ्याकडे. पॉटलकला आलेले पाहुणे पोट धरून हसतात. आम्हीही हसतो, पण खरं सांगू का, त्यातला एकही किस्सा आम्हाला शोभेसा नाही. आणि एक तर मी वर्षभर कुणालाच सांगितलेला नाही. त्यात मी सुमनमावशींशी धडधडीत खोटं बोलले. आता मावशी घर विकून टेक्सासला, अर्विंगला भाच्याकडे कायमच्या निघाल्या आहेत. त्या जायच्या आत खरं काय ते त्यांना सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. तो किस्सा शेवटी सांगते. आधी बाकीचे सांगू दे, म्हणजे मला जरा धीर येईल.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा निखिल आणि आमची तेरा वर्षांची ईरा. शिरीष आणि कविता. मंदार आणि रूपाली. हे झाले सात. आठव्या सुमनमावशी. आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहतात. काका इथल्याच एका औषध कंपनीत होते, सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. ईराच्या वेळी माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा चाळीस दिवस बाळाला तेल लावून अंघोळ मावशींनी घातली आणि मला डिंकाचे लाडू पण त्यांनीच खाऊ घातले. रूपालीच्या ऑपरेशनला त्याच, शिरीष-कविता दोघंही ऑफिसला अडकले की त्यांच्या कुत्र्याला फिरवायला पण त्याच. ट्रिपला त्या नको नको म्हणत होत्या. मीच हट्ट केला, “मावशी, तुमच्याशिवाय आम्ही जाणारच नाही.” हे माझे शब्द बरं का.

*

पहिले तीन दिवस अथेन्स. हॉटेलात ब्रेकफास्ट फ्री होता, आणि बुफे दिसला की शिरीषच्या अंगात येतं. हाताखाली पंधरा माणसं आहेत ऑफिसमध्ये, पण उकडलेल्या अंड्यांची परात दिसली की सगळं मॅनेजरपण गळून पडतं.

त्याची पद्धत अशी: एक अंडं प्लेटमध्ये, एक शॉर्ट्सच्या खिशात. “दुपारी भूक लागते यार, आणि इथे बारा युरोत दोन पानं आणि एक टोमॅटो देतात!” कविता शेजारी बसून पर्समध्ये क्रोसाँ भरायची. आम्ही नावं ठेवायचो आणि दुपारी तेच क्रोसाँ मागून खायचो.

तिसऱ्या दिवशी वाढणारी बाई हसतमुखाने थेट आमच्या टेबलाशी आली. हातात एक छानसा कागदी डबा. सगळी खोली ऐकेल अशा स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, “सर, अंडी यात ठेवा. काल एक लॉबीतल्या सोफ्यात सापडलं.”

मी मान खाली घालून ज्यूस पीत बसले. ईरा म्हणाली, “आय ॲम नॉट विथ देम,” आणि उठून दुसऱ्या टेबलावर गेली. शिरीषने मात्र बाईला थँक यू म्हटलं आणि डब्यात अजून दोन अंडी ठेवली!

*

त्याच दिवशी अक्रोपोलिस. भर उन्हात टेकडी चढून वर गेलो. ते प्रचंड खांब बघून आम्ही सगळे फोटोच्या मागे लागलो, आणि मागे वळून बघते तर मावशी सँडल काढून अनवाणी उभ्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

दगड असा तापलेला की पोळी भाजावी. तिथला गार्ड शिट्टी फुंकत धावत आला, “शूज! शूज, मॅडम!” मावशींना काही कळेना. आजूबाजूचे अमेरिकन टूरिस्ट वळून वळून बघायला लागले.

आणि आम्ही काय केलं? सात जण सात खांबांकडे बघायला लागलो. मंदार तर एका खांबाजवळ जाऊन तो दगड कुठला असेल यावर एकटाच बोलत होता. शेवटी मी गेले आणि दातओठ खात म्हटलं, “मावशी, प्लीज! हे देऊळ नाहीये, मॉन्यूमेंट आहे. सगळे बघतायत.”

“देवीचंच होतं ना गं पूर्वी?” मावशी सँडलचा पट्टा लावत म्हणाल्या, “इतक्या लांब आले, नमस्कार तरी करू दे की.”

गार्डने मला विचारलं, “तुमच्या आई का?” मी म्हटलं, “नाही नाही, आमच्या ग्रुपमधल्या एक.” पॉटलकला हा किस्सा मी गार्डच्या शिट्टीपर्यंतच सांगते. पुढचं आज पहिल्यांदा सांगतेय, आणि सांगताना कान गरम झालेत माझे.

*

चौथ्या दिवशी क्रीट बेटावर उतरलो. रूपालीला नाइटलाइफ बघायची होती. “आपण काय म्हातारे झालो का? बीच क्लबला जायचंच!” तिने निघायच्या आधीच नावाजलेला एक क्लब शोधून ठेवला होता. आम्ही आपले कॅरीच्या सवयीने साडेसहाला जेवलो, आवरलं, अत्तरं लावली आणि सव्वाआठला हजर.

बाहेर लख्ख ऊन! आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि एक माणूस फरशी पुसत होता. त्याला वाटलं आम्ही काहीतरी विसरलेलं शोधायला आलोय. निखिल म्हणाला, “नाही, वुई आर हिअर टू पार्टी.” तो माणूस बिचारा पोछा टेकवून आमच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आठ खुर्च्या सुलट्या करून दिल्या.

साडेनऊला डीजे आला आणि साउंड चेक करायला लागला. आम्हाला वाटलं, सुरू झालं! सगळे उठून नाचलो. मावशींनी रूपालीला ओढून फुगडी घातली, अडुसष्टाव्या वर्षी, पदर खोचून! डीजेने हेडफोन काढून टाळ्या वाजवल्या. अख्ख्या ट्रिपमध्ये इतकं मनापासून कोणी नाचलं असेल तर त्या एकट्याच.

सव्वादहाला मंदारला जांभया यायला लागल्या. “क्राउडच नाही यार, उगाच हाइप आहे,” असं म्हणत आम्ही निघालो. दारात पहिलं गिऱ्हाईक आत येत होतं. दारावरच्या पोराने काळजीने विचारलं, “काही प्रॉब्लेम झाला का?” निखिलने हॉटेलवर जाऊन सव्वाआठचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: पार्टी ऑल नाइट!

*

दोन दिवसांनी संकष्टी. कविता संकष्टी कधी सोडत नाही. चंद्रोदयाशिवाय पाण्याचा घोटही नाही. आम्ही त्या दिवशी मुद्दाम उशिरा, साडेदहाला जेवायला गेलो, समुद्राला लागून असलेल्या एका तावेर्नात. तावेर्ना म्हणजे त्यांची आपली घरगुती खानावळ.

कविताने फोनवर पंचांगाचं ॲप उघडलं आणि तिचा चेहरा पडला. “चंद्रोदय पहाटे चार पन्नासला आहे.” आम्ही हळहळलो. पण हळहळताना जेवणं काही थांबवली नाहीत. वांग्याचं काहीतरी आलं, चीजचे वडे आले, मासे आले. कविता समुद्राकडे पाठ करून ताठ बसलेली, समोर रिकामी प्लेट.

मालक तीनदा येऊन गेला. जेवण आवडलं नाही का? दुसरं काही करू का? चौथ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी रडवेला. मंदारने समजावलं, “तुमचा दोष नाही. ती चंद्र उगवायची वाट बघतेय. चंद्र दिसला की जेवेल.”

मालकाने कविताच्या मागे समुद्रावर बोट दाखवलं आणि अगदी अदबीने विचारलं, “मॅडम, तो चालेल का?”

भला मोठा, तांबूस, एका बाजूने जरासा झिजलेला चंद्र! चांगला हातभर वर आलेला. ॲपमध्ये गाव कॅरीचं आणि घड्याळ ग्रीसचं. आम्ही सहा जण चंद्राकडे तोंड करून तासभर जेवत होतो, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. मावशी तेवढ्या हळूच म्हणाल्या, “मी मघाशी सांगत होते, पण तुमच्या गप्पा रंगल्या होत्या.” खरंय, त्यांनी दोनदा तोंड उघडलं होतं. आणि हो, त्यांनीही तोवर घास घेतला नव्हता. कविता उपाशी आणि आपण कसं जेवायचं, म्हणून.

*

एक छोटा निखिलचा. निखिल पुण्याचा, त्यामुळे माहिती नसली तरी सांगायचं थांबत नाही. जुन्या राजवाड्याचे अवशेष बघायला गेलो, तर ऊन लागतं म्हणून साहेब काळी छत्री उघडून पुढे. छत्री वर धरलेली बघून कुठल्या तरी टूरची दहा-बारा म्हातारी माणसं त्याच्यामागे चालायला लागली. त्यांना वाटलं, हाच आपला गाइड.

मला वाटलं, हा सांगेल त्यांना. छे! याने आवाजच चढवला. एका कोपऱ्यातल्या दगडी बैठकीपाशी थांबून म्हणाला, “आणि हे राजघराण्याचं देवघर. इथे राणी रोज सकाळी एकांतात बसायची.” लोकांनी टोप्या काढल्या. एक आजी डोळे मिटून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात त्यांची खरी गाइड धापा टाकत आली आणि म्हणाली, “लेडीज अँड जंटलमन, हे शौचालय आहे.”

*

आता तो.

शेवटून दुसरा दिवस. दोन गाड्या भाड्याने घेतल्या होत्या. एक आमची, दुसरी बाकी चौघांची. मावशींची जागा ठरलेली नव्हती, कधी इकडे, कधी तिकडे. त्यांनी फोनचं रोमिंगही घेतलं नव्हतं. “तुम्ही सगळे असताना मला फोन कशाला?” म्हणाल्या होत्या.

दुपारी डोंगरातल्या एका गावात जेवलो. तिथल्या तावेर्नाची मालकीण मावशींच्याच वयाची. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून शिजवतात, ते आपल्या अळूवडीसारखं दिसलं म्हणून मावशी तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती, तरी आतून हसण्याचे आवाज येत होते.

मला घाई. खाली बीचवरचा सनसेट बघायचा होता, प्लॅन माझा, एक्सेल शीट माझी. सव्वा तासाचा घाट. मी रस्त्यावर उभी राहून ओरडायला लागले, “चला, चला! सनसेट जाईल! आपापली माणसं घेतली का?”

आमची ती पद्धतच आहे. विमानतळ असो की मॉल, ज्याने त्याने आपापली माणसं बघायची. मी मागे पाहिलं, ईरा मागच्या सीटवर आडवी झोपलेली. निखिल स्टिअरिंगवर. माझी माणसं झाली. दुसऱ्या गाडीतून शिरीष ओरडला, “आमचे सगळे आले!” निघालो.

सनसेट काय होता म्हणून सांगू! समुद्र केशरी, आभाळ केशरी. एका जर्मन बाईने आमचा ग्रुप फोटो काढला. कविताने तो तिथल्या तिथे आमच्या शुक्रवारच्या ग्रुपवर टाकला. मग वाळूवर बसलो आणि मंदार म्हणाला, “चिवडा काढा रे.”

“पिशवी मावशींकडे आहे,” रूपाली म्हणाली.

“मावशी कुठे आहेत?”

“तुमच्या गाडीत ना?”

“नाही. तुमच्या.”

बाप्पा! लाज कशाची वाटते सांगू? दोन तास झाले होते त्यांना सोडून, आणि आठवण कशाची झाली? चिवड्याची. प्रत्येकाने आपापली माणसं मोजली होती, आणि मावशी कोणाच्याच मोजण्यात नव्हत्या.

परत घाट. मी मनात नवस बोलत होते, देवा, त्या रडत नसू देत, रस्त्यावर उभ्या नसू देत. पोचलो तेव्हा काळोख पडला होता. मावशी अंगणात दिव्याखाली बसून त्या मालकिणीबरोबर शेंगा निवडत होत्या. चिवड्याची पिशवी मांडीवर. मालकिणीची शहरातून आलेली मुलगी दारात उभी होती. तिने आमच्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

मावशी उठल्या. “आलात? जेवलात का रे?” आणि मग माझ्याकडे बघून, “सूर्यास्त मिळाला का गं?”

आणि मी म्हटलं, “कुठला सूर्यास्त, मावशी! अर्ध्या वाटेतच लक्षात आलं, तशाच फिरलो मागे.”

माझ्या मागे सहा जण उभे होते. एकही बोलला नाही. ईरा फक्त “मॉम” म्हणाली.

“अरे देवा,” मावशींनी माझा हात धरला, “माझ्यापायी तुमचा सूर्यास्त बुडाला की. मी आतच रमले, मला कळायला हवं होतं.” गाडीत बसल्यावरही एकदा म्हणाल्या, “चुकलंच माझं.” आणि मी ते ऐकून घेतलं! त्यांनी माफी मागितली आणि मी चक्क ती घेतली. रात्री कविताने ग्रुपवरचा फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. मावशींचा फोन बंदच होता, त्यामुळे विषय संपला, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

मागच्या रविवारी त्यांचं सामान बांधायला गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. “मावशी, मला एक सांगायचंय,” एवढं म्हणाले, तर त्यांनी फोटोफ्रेम्सचा गठ्ठा माझ्या हातात दिला. “आधी ह्या गुंडाळ. काच आहे, जपून.”

पहिली काकांची होती. दुसरी त्यांच्या लग्नाची. तिसऱ्या फ्रेममध्ये केशरी समुद्र, आणि समोर आम्ही सात जण, खांद्यावर हात टाकून हसतोय. मधोमध मी.

मावशींनी वाकून बघितलं. “तो होय? इथे फार्मसीत फोटोही छापून देतात ना, तिथून प्रिंट काढून घेतला. त्या मालकिणीच्या मुलीने तिथे वायफाय लावून दिलं ना मला, तेव्हा पहिला हाच आला, मी लगेच ठेवून घेतला.”

“तिथे? म्हणजे आम्ही यायच्या आधी?” मी विचारलं. “मग तेव्हाच फोन का नाही केलात, मावशी?”

मावशी खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या.

“अगं, सगळे इतके खूश दिसत होतात त्यात. म्हटलं, होऊ दे तुमचं.”